वाचक विचारतात : शनाया ट्वेनची गाणी कुठून ऐकावी?

प्रश्न : शनाया ट्वेनचा ‘ग्रेटेस्ट हिट्स’ घेतला तर बाकीचे अल्बम घ्यायची गरज उरते का?

उत्तर : उरते, पण सुरुवात याच संग्रहापासून करा. २००४चा हा संग्रह २१ गाण्यांचा आहे. गंमत म्हणजे तो साधारण उलटा चालतो. आधी २००२च्या ‘अप!’मधली गाणी, मग १९९७च्या ‘कम ऑन ओव्हर’मधली आणि त्यानंतर १९९५च्या ‘द वुमन इन मी’मधली. मी एकदा शेवटची नवी गाणी सोडून सतराव्या गाण्यापासून मागे मागे येत ऐकला. फिडल (व्हायोलिन) आणि स्टील गिटार ही कंट्रीची, म्हणजे अमेरिकी ग्रामीण ढंगाच्या संगीताची, वाद्यं हळूहळू मागे सरकतात, पॉपचा ठेका पुढे येतो. कॅनडातल्या या गायिकेचा सगळा प्रवास तासाभरात कानांवरून जातो. (दोष माझ्या खोडीचा, घरच्यांनी दुसऱ्या वेळी दार लावून घेतलं.)

१९९३च्या पहिल्या अल्बममधलं एकही गाणं यात नाही. त्यापुढची या संग्रहातली गाणी निर्माता आणि तेव्हाचा पती मट लँग याच्या साथीने घडली, त्यामुळे मला ते वगळणं खटकत नाही. शेवटची नवी गाणी मात्र भरतीची वाटतात. ‘पार्टी फॉर टू’ तर दोनदा आहे, एकदा कंट्री आणि एकदा पॉप!

पुढे एकच अल्बम घ्यायचा तर ‘कम ऑन ओव्हर’ घ्या. त्याच्या आंतरराष्ट्रीय आवृत्तीत कंट्रीची वाद्यं कमी केली आहेत. तुम्हाला फिडल आवडत असेल तर मूळ आवृत्तीच शोधा.