भीमेवर कासवं शोधायला निघालेल्या मित्रा

दुर्बीण घेऊन थेट डोहावर जाऊ नकोस. आधी चार पहाटे भोई मंडळींसोबत बस, जाळी सोडवू लाग. लीथचं मऊ पाठीचं कासव कुठे डोकं वर काढतं, कुठे गळाला लागतं, हे तेच सांगतील. २०२२ साली सायटीसनं, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय करारानं, त्याला परिशिष्ट १ या सर्वांत कडक यादीत घेतलं, आंतरराष्ट्रीय व्यापाराला बंदी आली. पण जाळ्यातलं कासव परत पाण्यात सोडणारा हात भोयाचाच असतो.

वाळू उपशाची नोंद कासवांइतकीच मनापासून ठेव, कारण मादी अंडी काठावरच घालते. काठच गेला तर ती जाणार कुठे?

सापडलेली जागा मात्र फोटोसकट कुठेही टाकू नकोस, तस्करही बघत असतात. शाळेत गेलास तर एवढं नक्की सांग: दुकानातलं लाल कानाचं कासव अमेरिकेतलं आहे, ते नदीत सोडायचं नाही.