डिमिंग मोजताना: वजाबाकीतला काळा रंग

प्रिय विद्यार्थिनी,

सूर्याच्या किरीटातल्या (बाहेरच्या तप्त वातावरणातल्या) डिमिंगवर, म्हणजे तिथल्या चमकेच्या मंदावण्यावर, काम करायचं ठरवलंस, फार बरं वाटलं. उद्रेकात किरीटातलं द्रव्य उडून गेलं की मागे काळसर पट्टा उरतो आणि सीएमई (किरीटातून अवकाशात फेकलं गेलेलं द्रव्य) नेमकं कुठून सुटलं ते कळतं. अतिनील चमक घनतेच्या वर्गावर अवलंबून असते. घनता निम्मी झाली की चमक पावपट उरते, म्हणून डिमिंग इतकं ठळक दिसतं. पण चित्रातली प्रत्येक काळी जागा रिकामी झालेली नसते, आणि तुझं खरं काम तिथेच आहे.

१५ फेब्रुवारी २०११ची घटना घे: क्रियाशील प्रदेश १११५८, एक्स २.२ दर्जाची (एक्स हा सर्वांत तीव्र वर्ग) सौरज्वाला, कळस ०१:५६ यूटी (जागतिक वेळ). प्रदेश सूर्यबिंबाच्या मध्याजवळ होता आणि सूर्याकडे बाजूने पाहणारी स्टिरिओ मोहिमेची दोन्ही यानं तेव्हा पृथ्वीपासून जवळपास ९० अंशांवर होती. डिमिंग समोरून आणि सीएमई बाजूने, दोन्ही एकाच वेळी पाहायला मिळतात. अशी सोय क्वचितच होते.

एसडीओ या सूर्यनिरीक्षक उपग्रहावरच्या एआयए दुर्बिणीच्या २११ आणि १९३ अँगस्ट्रॉम तरंगलांबीच्या प्रतिमा उतरव. दर १२ सेकंदांना एक असते. तुला मिनिटाला एक पुरे. ज्वाला भडकली की एआयए अधूनमधून एक्स्पोजर आपोआप कमी करते. प्रत्येक प्रतिमेला तिच्या एक्स्पोजरच्या सेकंदांनी भागलं नाहीस, तर अख्खं बिंब मंदावल्यासारखं वाटेल. मग सूर्याचं फिरणं काढून टाक. मध्यावरचा बिंदू तासाभरात साधारण १५ पिक्सेल सरकतो. हे राहिलं तर प्रत्येक तेजस्वी वेटोळ्याच्या एका कडेला खोटा काळा पट्टा उमटतो.

पायाभूत प्रतिमा (जिच्याशी पुढच्या प्रतिमांची तुलना करायची ती) उद्रेकाच्या अर्धा तास आधीची ठेव, तीही एकच नको; दहा प्रतिमांचा मध्यक घे. त्या वेळात लहानशी ज्वालाही झालेली नाही ना, ते आधी तपास. लागोपाठच्या प्रतिमांची वजाबाकी मोजमापाला वापरू नकोस. तेजस्वी लहर पुढे सरकली की तिची मागची जागा केवळ पूर्ववत होते, पण त्या वजाबाकीत ती काळी दिसते. मी पायाभूत प्रतिमेशी गुणोत्तर काढून त्याचा दहा पायाचा लॉगॅरिदम घ्यायला सांगेन. डिमिंग मोजण्याचा उंबरठा −०.१९ धर, म्हणजे चमक सुमारे ३५ टक्क्यांनी घटलेली.

आता उलटतपासणी. त्यासाठी १७१ अँगस्ट्रॉमची प्रतिमाही बघ. १७१मध्ये काळं पण १९३ आणि २११मध्ये उजळ झालं असेल, तर द्रव्य गेलेलं नाही, तापलं आहे. तिन्हींत काळं असेल तर घनता घटल्याचा दावा भक्कम. वर उठणारा थंड फिलामेंटही (किरीटात तरंगणारा दाट द्रव्याचा पट्टा) मागचा प्रकाश अडवून डिमिंगचं सोंग घेतो. ३०४ अँगस्ट्रॉममध्ये तो हलताना ओळखू येतो.

आदित्य-एल१ या भारतीय यानावरच्या व्हीईएलसी या किरीटदर्शक उपकरणाने १६ जुलै २०२४च्या सीएमईनंतर ५३०३ अँगस्ट्रॉमच्या रेषेची चमक जवळपास निम्म्याने घटलेली टिपली. ते तू नंतर वाच; वर्णपटामुळे तापमान आणि वेगही हाती लागतात.

सध्या डिमिंगचं क्षेत्रफळ वेळेनुसार काढ. आलेख झाला की मूळ प्रतिमांसकट पाठव, नुसती वजाबाकीची चित्रं नकोत.

सस्नेह आशीर्वाद.