ज्याच्या टेबलावर कागद जाणार, त्याला विचार

चि. बाळ,
अनेक उत्तम आशीर्वाद.

काल तू गेलीस आणि मी कप न विसळता तशीच बसून राहिले. तुझ्या मोबाइलवरची ती जाहिरात डोळ्यांपुढून हलेना. घरबसल्या सहा महिन्यांत प्राथमिक शिक्षिका, 'सरकारमान्य' डिप्लोमा, रात्री बारापर्यंत फीमध्ये सूट. "काकू, हे खरं असेल का हो?" असं तू मला विचारलंस. पण माझ्याआधी त्यांच्या काउन्सेलरला विचारून बसली होतीस! मंडईतला कुठला आंबेवाला आपला आंबा आंबट म्हणेल?

विकणाऱ्याला विचारू नकोस. उद्या ज्याच्या टेबलावर तो कागद जाणार आहे, त्याला विचार. आणि लेखी विचार.

"शाळा कुठलीही चालेल," असं तू म्हणालीस, तिथेच मला राग आला. कुठलीही म्हणजे कुठली? कोथरूडच्या खासगी नर्सरीत कदाचित हा कागद चालेलही, तिथे संचालिकाबाईंचं मत पुरतं. पहिली ते आठवीला मात्र शिक्षण हक्क कायद्याचं कलम २३ लागू होतं. त्यासाठीची किमान अर्हता एनसीटीईने, म्हणजे शिक्षक-प्रशिक्षणाला मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय परिषदेने, २३ ऑगस्ट २०१० रोजी अधिसूचनेने ठरवली, टीईटी ही शिक्षक पात्रता परीक्षाही त्यातच आली. पहिली ते पाचवीसाठी तर बी.एड.सुद्धा पुरत नाही, सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये ते स्पष्ट केलं. तिथे डी.एल.एड.सारखं, म्हणजे प्राथमिक शिक्षणाच्या डिप्लोमासारखं, प्राथमिकचंच प्रशिक्षण लागतं. २०१४ च्या नियमावलीप्रमाणे डी.एल.एड. दोन वर्षांचं आणि त्यात वीस आठवडे प्रत्यक्ष शाळेत. मुलांसमोर खडू घेऊन उभं राहायचे वीस आठवडे मोबाइलवर कसे होतील, सांग बरं?

मुक्त विद्यापीठाचं बी.एड. घरूनच होतं ना, असं तू म्हणशील. होतं. पण ते आधीच प्रशिक्षण घेतलेल्यांसाठी आहे. तू अजून हिंजवडीच्या नोकरीच्या बसमध्ये आहेस.

आता त्या जाहिरातीतले शिक्के. आयएसओ ९००१ हे संस्थेच्या कारभाराचं प्रमाणपत्र आहे, अभ्यासक्रमाच्या मान्यतेशी त्याचा संबंध नाही. सोसायटी म्हणून किंवा लघुउद्योग म्हणून नोंदणी झाली की संस्था अस्तित्वात आहे इतकंच कळतं. 'डिप्लोमा' हा शब्दही नीट बघ. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) कायद्याचं कलम २२ कोण पदवी देऊ शकतं हे सांगतं, ते पदवीपुरतंच बोलतं, डिप्लोमाला ते लागत नाही. एनसीटीईच्या १९९३ च्या कायद्यात मात्र कलम १७(४) आहे. मान्यता नसलेल्या शिक्षक-प्रशिक्षणाची अर्हता सरकारी नोकरीला आणि अनुदानित शाळेला वैध धरली जात नाही. शिवाय ती मान्यता संस्थेला सरसकट मिळत नाही, अभ्यासक्रमागणिक मिळते. तेव्हा मान्यतेचा आदेश माग, त्यावर संस्थेचं नाव, पत्ता, अभ्यासक्रम आणि प्रवेशसंख्या वाच, मग तो एनसीटीईच्या पश्चिम विभागीय समितीच्या यादीशी ताडून बघ. त्यांनी पाठवलेल्या पीडीएफवर विसंबू नकोस, ती पीडीएफही विकणाऱ्याचीच.

परदेशी शाळेत इंग्रजी शिकवायचं मनात असेल तर टेबल वेगळं. सेल्टा या इंग्रजी शिकवण्याच्या केंब्रिजच्या प्रमाणपत्रात सहा तास खऱ्या वर्गावर शिकवून घेतात आणि प्रशिक्षक मागे बसून बघतात. नुसत्या '१२० तासांच्या' ऑनलाइन प्रमाणपत्रात ते असेलच असं नाही. तिथल्या शाळेलाच मेल टाक.

एवढी का हट्टाला पेटले आहे, ते सांगते. मी मुख्याध्यापिका असताना एका जूनमध्ये दुसरीचा वर्ग रिकामा होता. एक बाई अर्ज घेऊन आल्या. जाड कागद, सोनेरी शिक्का. मी कागद उलटूनही पाहिला नाही. तीन वर्षं त्यांनी शिकवलं आणि सुरेख शिकवलं, त्यांच्या वर्गातली मुलं सुट्टी झाली तरी उठत नसत. त्यांच्या नेमणुकीला शिक्षण खात्याची वैयक्तिक मान्यता मागणारा प्रस्ताव दर वेळी त्रुटी काढून परत यायचा. शेवटी शेरा आला, 'सदर अर्हता ग्राह्य धरता येत नाही.' तोवर संस्था देईल त्या तुटपुंज्या पैशांत त्या राबल्या आणि मग घरी गेल्या.

चाळीस मुलं बाईंविना बसली होती, मी काय करायला हवं होतं? हे मी आजवर अनेकांना ऐकवलं आहे, आणि ते खोटं नाही. वर्ग रिकामा ठेवणं मला तेव्हाही जमलं नसतं. पण नेमणुकीआधी शिक्षणाधिकाऱ्यांना आठ ओळींचं पत्र टाकलं असतं, तर बाईंना वेळेत डी.एड.ला (डी.एल.एड.चं तेव्हाचं नाव) जाता आलं असतं. तेव्हा त्यांचं वय होतं. शेरा आला तेव्हा उरलं नव्हतं.

म्हणून तुझ्यावर ओरडते आहे. शिकवावं की नाही, हे मी तुला सांगणार नाही, शेजारच्या पोरांना तू बेरीज शिकवतेस तेव्हाचा तुझा चेहरा मी पाहिला आहे.

आज रात्री बारा वाजून जाऊ देत. उद्या तीन पत्रं लिही. एक जिथे शिकवायचं आहे त्या शाळेला, एक शिक्षणाधिकाऱ्यांना, एक एनसीटीईच्या पश्चिम विभागीय समितीला. अभ्यासक्रमाचं पूर्ण नाव, संस्थेचं पूर्ण नाव, आणि एकच प्रश्न: पहिली ते पाचवीच्या नेमणुकीस ही अर्हता ग्राह्य आहे का? फोनवर कोणी 'हो हो' म्हणालं तर ते उत्तर धरू नकोस. महिनाभर काही आलं नाही तर दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज कर, मसुदा मी करून देईन.

पुढच्या रविवारी पत्रांच्या पोचपावत्या घेऊन ये. तोवर एक रुपया भरू नकोस.

तुझी,
काकू