आपला पोळा कधी?

पत्र अमरावती जिल्ह्यातल्या एका खेड्यातून आलंय. ताईंचं माहेर वसईचं, कॅथलिक. सासर अलायन्स मिशनच्या, म्हणजे प्रोटेस्टंट मंडळीतलं. लेकी दोन, सात वर्षांची आणि चार वर्षांची. तान्ह्या पोळ्याला थोरली शेजारच्या पोरांसोबत लाकडी बैल घेऊन घरोघर फिरली, बोजारा, म्हणजे घरोघरी मिळणारे खाऊ-पैसे, गोळा करून आली आणि विचारलं, "आई, आपला पोळा कधी येते?" ताईंनी तिला ४ ऑक्टोबरचा असिसीकर संत फ्रान्सिसचा सण सांगितला, प्राण्यांवर माया करणारा संत म्हणून. सासूबाईंनी ते ऐकलं. "आपल्यात संतबिंत नाही चालत. देवाचं देवाले." नवरा म्हणतो, तुमचं तुम्ही पाहा. ताई विचारतात, सण करू की सोडून देऊ?

ताई, करा. पण त्याला "आपला पोळा" म्हणू नका. लेक तान्ह्या पोळ्याला गेली, तिला बोजारा मिळाला, म्हणजे तो पोळा तिचाही झालाच. त्याच्या बदल्यात दुसरा सण दिला, तर पुढच्या वर्षी ती बैल घेऊन बाहेर पडताना अडखळेल. फ्रान्सिसचा दिवस वेगळा असू द्या.

आता सासूबाई. त्या हट्टी आहेत असं तुम्ही लिहिलंय. मला तसं वाटत नाही. त्यांच्या मंडळीत प्रार्थना फक्त देवापुढे होते, संताकडे काही मागायचं नसतं. ही त्यांची श्रद्धा आहे आणि ती तुमच्या श्रद्धेइतकीच जुन्या वळणाची आहे. म्हणून त्या दिवशी फ्रान्सिसकडे मागणं ठेवू नका. त्याची गोष्ट सांगा आणि देवाचे आभार माना. फ्रान्सिसनं स्वतः रचलेल्या स्तुतिगीतातही सूर्याला भाऊ आणि चंद्राला बहीण म्हटलंय, पण स्तुती सगळी देवाची. बायबलातलं १४८वं स्तोत्र याच वळणाचं आहे: सूर्य, चंद्र, डोंगर, झाडं, गुरंढोरं, सगळ्यांनी देवाचं स्तवन करावं. ते वाचायला सासूबाईंना सांगा. मोठ्यानं, चष्मा लावून, त्यांच्या पद्धतीनं.

अजून एक. नाताळात सासूबाई अंगणात गव्हाणी मांडतात, गोठा करतात, त्यात तणस अंथरतात असं तुम्हीच लिहिलंय. १२२३ साली इटलीत ग्रेच्चो नावाच्या गावी फ्रान्सिसनं नाताळच्या रात्री गव्हाणीत गवत भरलं आणि जिवंत बैल आणि गाढव आणून उभे केले. गोठ्याचा देखावा मांडायची रीत पुढे पसरली, ती या प्रसंगामुळे असं मानतात. नाताळला बैलांना आणि गाढवांना नेहमीपेक्षा जास्त चारा घालावा, असंही तो म्हणायचा. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाला "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या" म्हणणाऱ्या मुलखात हे कोणाला समजावून सांगावं लागणार नाही. फक्त हा ग्रेच्चोचा मुद्दा सासूबाईंच्या तोंडावर फेकू नका हं. वाद जिंकाल आणि सण हराल. डिसेंबरात गोठा मांडताना लेकींना सांगा, सासूबाई शेजारी बसलेल्या असतीलच.

दिवस कसा करायचा? छोटा. ऑक्टोबरच्या सुरुवातीला सोयाबीनची सोंगणी असते, त्या धांदलीत कोणाला पुरण वाटायला वेळ आहे? सकाळी शेतात जायच्या आधी अर्धा तास पुरे. माणसांच्या चहाआधी गाईला आणि शेळ्यांना खाऊ घाला. कुटारात, म्हणजे भुशात, मूठभर ढेप (सरकीची पेंड) जास्त. शेळ्यांना ढेप बेतानंच, एकदम जास्त खाल्ली तर पोट फुगतं. पाणी मुलींनी पाजायचं. लाकडी बैल माळ्यावर गेला असेल तर खाली काढा, तोही दावणीला उभा राहील.

मग गोष्ट. गुब्बिओ गावचा लांडगा गुरं आणि माणसं मारायचा. फ्रान्सिस त्याला भेटायला गेला, भाऊ म्हणाला आणि गावाशी त्याचा करार करून दिला: गावानं रोज खायला घालायचं, त्यानं कोणाला त्रास द्यायचा नाही. ही दंतकथा आहे, तशीच सांगा. धाकटीला लांडगा करा, चार वर्षांच्या पोरांना गुरगुरायला फार आवडतं. आणि गोष्ट संपल्यावर लगेच बजावा की गल्लीतल्या अनोळखी कुत्र्याला भाऊ म्हणून हात लावायचा नाही. मी हसण्यावारी नेत नाहीये, कुत्रा चावला तर इंजेक्शनांसाठी दवाखान्याच्या चकरा माराव्या लागतात.

प्राण्यांना आशीर्वाद द्यायला फादरना बोलवावं का, असंही तुम्ही विचारलंय. बऱ्याच ठिकाणी ती प्रथा आहे. पण पहिल्या वर्षी नको. सासूबाईंना वाटेल, आपलं अंगण दुसऱ्यांनी घेतलं. सासूबाईंच्या मंडळीच्या पाळकसाहेबांनाही नको, मग चर्चाच होईल. मिस्सा हवी तर जवळच्या रविवारी तुम्ही जाऊन या.

नवऱ्याला मात्र "तुमचं तुम्ही" म्हणू देऊ नका. त्यांना मत विचारू नका, काम सांगा: अमरावतीहून येताना ढेपेचं पोतं आणायचं.

शेजारणी विचारतील, "आज काय हाय तुमच्याकडं?" लेकीला उत्तर देऊ द्या. ती बहुधा लांडग्याचीच गोष्ट सांगेल.

आणि सासूबाई नाहीच म्हणाल्या तर? तर तुम्ही आणि मुली गोठ्यात जा. गाईला ढेप घालताना सासूबाई दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाहीत, असं तुम्ही पत्राच्या शेवटी तक्रारीच्या सुरात लिहिलंय. म्हणजे त्या तिथे आधीच असणार.