एका सत्रात किती मावतं?

प्रिय छोट्या बाई,

तुला अहो-जाहो करून लिहायला बसले तर पेन अडतं, म्हणून इथून पुढे ‘तू’च.

तुझ्या कॅथलिक शाळेतल्या पहिली-दुसरीच्या वर्गांसाठीचा सत्राचा आराखडा वाचला. मेहनत घेतली आहेस, ते दिसतं. पण सहा प्रार्थना, दहा संत, येशूने सांगितलेल्या बोधकथा म्हणजे दाखले आठ, क्रुसाच्या वाटेची (येशूच्या दुःखसहनाच्या प्रसंगांची) चौदाच्या चौदा स्थानकं, आणि वर वाचन, हातच्याची बेरीज, ऋतू, मोजमाप! सत्र म्हणजे दहा-बारा आठवडे. त्यातला पहिला रडारड थांबण्यात जातो आणि शेवटचा कार्यक्रमाच्या तालमीत. कॅथलिक शाळेत धर्मशिक्षण हा वाढीव विषय असतो म्हणून बाकीचे विषय आक्रसत नाहीत; मुलाचा दिवस तेवढाच राहतो. तेव्हा निम्म्यावर काट मार. कुठे मारायची आणि कुठे अजिबात नाही, एवढंच या पत्रात सांगते.

आधी दोन कॅलेंडरं शेजारी ठेव, शाळेचं आणि चर्चचं. ती कधीच जुळत नाहीत. चर्चचं वर्ष जानेवारीत सुरू होत नाही, नाताळाआधीच्या चौथ्या रविवारी आगमनकाळाने, म्हणजे नाताळाच्या तयारीच्या दिवसांनी सुरू होतं. ईस्टर, येशूच्या पुनरुत्थानाचा सण, तर 22 मार्च ते 25 एप्रिल यांच्यामध्ये कुठेही येतो. तुझ्या आराखड्यात ईस्टरआधीचा उपवासकाळ सातव्या आठवड्यात टाकलाय, कारण मागच्या वर्षीच्या बाईंनी तसा टाकला होता. तो ज्या दिवशी सुरू होतो तो राखेचा बुधवार या वर्षी कधी आहे ते पाहिलंस का?

हे कॅलेंडर पाठ करून घ्यायचं नाही. वर्गाच्या कोपऱ्यात प्रार्थनेचं छोटं टेबल असेल, त्यावरचं कापड वेळच्या वेळी बदलत राहा: आगमनकाळात आणि उपवासकाळात जांभळं, नाताळ-ईस्टरला पांढरं, पेंटेकॉस्टला, म्हणजे पवित्र आत्म्याच्या सणाला, लाल, एरवी हिरवं. कापड बदलायचं काम मुलांकडे दे. सहा वर्षांच्या मुलाला ‘पुढचा महिना’ म्हणजे काय हे धड कळत नाही, पण काल हिरवं होतं आणि आज जांभळं आहे, म्हणजे काहीतरी सुरू झालं, हे पक्कं कळतं. आगमनकाळात दर रविवारी एक अशा पेटवायच्या चार मेणबत्त्यांचंही तेच. हे मेणबत्त्यांचं कडं मुळात कॅथलिकांचं नाहीच. 1839 मध्ये हॅम्बर्गला योहान विखर्न नावाच्या ल्युथरन पाळकाने आपल्या संस्थेतल्या मुलांसाठी ते केलं, नाताळ किती लांब आहे ते त्यांना मोजता यावं म्हणून. आपल्याकडे ते नंतर आलं. म्हणजे हे साधन जन्मापासूनच मोजणीचं आहे, तसंच वापर. रविवारी शाळा नसते, मग मेणबत्ती कधी, हा प्रश्न पहिल्याच आठवड्यात येईल. सोमवारच्या परिपाठाला. तिसरी गुलाबी का, हेही विचारतील. तिसरा रविवार आनंदाचा, अर्धी वाट सरली म्हणून. एवढं उत्तर पुरतं.

आता क्रुसाची खूण. आराखड्यात तिला एक तास दिलास, तिला अख्खं सत्र लागतं. तू वर्गाकडे तोंड करून उजवा हात कपाळाला लावतेस, मग छातीला, डाव्या खांद्याला, उजव्या खांद्याला. समोरचं मूल तुला आरशासारखं पाहतं. त्याचा डावा हात उठतो, किंवा हात बरोबर उठला तरी आधी उजव्या खांद्याकडे जातो. ‘चुकलं, चुकलं’ करत तू त्याचा हात धरून फिरवणार आणि दुसऱ्या दिवशी तो पुन्हा तेच करणार, कारण तू पुन्हा तशीच उभी राहणार. एक तर वर्गाकडे पाठ करून उभी राहा, नाहीतर स्वतः उलटं कर: डावा हात, कपाळ, छाती, उजवा खांदा, डावा खांदा. सुरुवातीला हात अडखळेल, मग सवय होते. एखादं मूल मात्र खरोखरच उजवीकडून डावीकडे करत असेल तर आधी त्याच्या घरी विचार. बायझंटाइन विधी, म्हणजे पूर्वेकडची उपासनापद्धती, पाळणाऱ्या घरांत तशीच पद्धत असते, आणि तेही कॅथलिकच.

आता ज्याच्यासाठी मुख्यतः हे पत्र लिहायला घेतलं, ते. प्रार्थना आणि वाचन या दोन गोष्टी मूल उलट्या दिशांनी शिकतं, आणि तुला दोन्ही एकाच वर्गात, एकाच सकाळी शिकवायच्या आहेत.

प्रार्थना आधी तोंडात बसते. ‘स्वर्गातील बापा’ म्हणताना ‘पवित्र मानले जावो’ याचा अर्थ सहा वर्षांच्या मुलाला कळत नाही, आणि त्यात काही बिघडत नाही. रोज त्याच वेळी, त्याच चालीत, सगळ्यांबरोबर म्हणत राहिलं की शब्द बसतात. अर्थ पुढे वर्षानुवर्षं येत राहतो. प्रत्येक ओळ फळ्यावर लिहून शब्दार्थ देत बसू नकोस. एका सत्रात एकच प्रार्थना नवी घे, फार तर दोन.

वाचनाचं नेमकं उलट. तिथे पाठांतर हा शत्रू. प्रार्थनेचं पुस्तक हातात दिलं की अर्धा वर्ग घडाघडा ‘वाचतो’ आणि बाई खूश होतात. अशा वेळी मुलाच्या तोंडाकडे नको, बोटाकडे बघ. तोंड ‘आमची रोजची भाकर’ म्हणत असतं आणि बोट अजून दुसऱ्या ओळीवर रेंगाळत असतं; कधी पान संपतं तरी प्रार्थना चालूच राहते. त्या मुलाला वाचता येत नाही. ते हुशार आहे, त्याचा कान चांगला आहे, आणि नेमकी हीच मुलं वर्षभर लपून राहतात. म्हणून वाचनाची तपासणी प्रार्थनेवर, रोजच्या गाण्यावर, ऐकून ऐकून झालेल्या गोष्टीवर कधीही करू नकोस. त्यांनी कधी न ऐकलेलं एक साधं वाक्य दे. वाटल्यास त्याच प्रार्थनेतले तीन शब्द उचल, क्रम बदलून फळ्यावर लिही आणि मग विचार. दोन मिनिटांत कळेल कोण वाचतंय आणि कोण आठवतंय. हे काम पहिल्या पंधरा दिवसांत कर, सत्राच्या शेवटी नाही.

गणितात धर्म किती आणायचा? जिथे तो आपण होऊन येतो तिथे, आणि तेवढाच. ‘तीन शिष्य आले, आणखी चार आले, एकूण किती’ असली गणितं मला मुळीच आवडत नाहीत. शिष्यांच्या जागी चेंडू घातले तरी गणित तेच राहतं, मग बिचाऱ्या शिष्यांना कशाला दमवायचं? पण रोजरीची, म्हणजे प्रार्थना मोजण्याची माळ मुलांच्या हातात दे आणि मणी मोजायला सांग. दहा-दहाचे पाच गट, पुढच्या टोकाला आणखी तीन, हे सगळे ‘नमो मरिया’ या प्रार्थनेचे, म्हणजे त्रेपन्न, ‘स्वर्गातील बापा’चे सहा मोठे मणी, सगळे मिळून एकोणसाठ. दशक म्हणजे काय ते बोटांना कळतं. उपवासकाळाचंही तसंच. राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत दिवस मोजले तर शेहेचाळीस भरतात आणि आपण म्हणतो चाळीस. सहा गेले कुठे? दुसरीतलं एखादं मूल कॅलेंडरवर बोट ठेवून शोधून काढतंच की रविवार धरलेले नाहीत. ते स्वतः शोधेपर्यंत तू गप्प बसायचंस, हाच त्यातला अवघड भाग.

दाखल्यांकडे येऊ. आठ नकोत, तीन घे. आणि गोष्ट संपली की थांब. ‘यावरून आपण काय शिकलो?’ हा प्रश्न शिक्षक विचारतात तेव्हा मुलं शिक्षकांना हवं असलेलंच उत्तर देतात: आपण चांगलं वागावं. हरवलेलं मेंढरू असो, चांगला शोमरोनी असो की उधळ्या पुत्र, उत्तर एकच. त्याऐवजी मुलांचे प्रश्न ऐक. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानात मेंढपाळ नव्याण्णव मेंढरं रानात सोडून एकाला शोधायला जातो. मुलं लगेच विचारतात: मग त्या नव्याण्णवांकडे कोण बघत होतं? लांडगा आला तर? प्रश्न अगदी रास्त आहे. घाईघाईने उत्तर देऊन तो मिटवू नकोस. द्राक्षमळ्यातल्या मजुरांची गोष्ट सांगितलीस तर वर्गात चक्क भांडण होईल, कारण तासभर राबलेल्याला दिवसभर राबलेल्याइतकीच मजुरी मिळते आणि सात वर्षांच्या मुलाइतका न्यायाचा हट्टी कोणी नसतो. होऊ दे भांडण. तो दाखला ऐकणाऱ्याला खटकावा असाच आहे.

रोममध्ये 1954 पासून सोफिया कावालेत्ती आणि जान्ना गोब्बी या दोघींनी लहान मुलांच्या धर्मशिक्षणाची एक पद्धत घडवली. एक बायबलची अभ्यासक, दुसरी मॉन्टेसरी शिक्षिका. लाकडी मेंढरं, लाकडी मेंढपाळ, छोटंसं कुंपण. मूल गोष्ट ऐकतं आणि मग ती आपल्या हातांनी पुन्हा पुन्हा मांडतं. तुझ्याकडे लाकडी संच नसेल तर पुठ्ठ्याचा कर. मूल एकटं बसून मेंढरू खांद्यावर ठेवतं, काढतं, पुन्हा ठेवतं, तेव्हा मध्ये बोलू नकोस.

संतांबद्दल थोडक्यात: दहा नकोत, त्या सत्रात ज्यांचा सण येतो ते दोन घे आणि त्यांनी केलेलं काहीतरी दाखव. फ्रान्सिस असिसीकरांनी 1223 मध्ये ग्रेच्चो गावी खऱ्या जनावरांसह गव्हाणीचा देखावा केला, हे मुलांना कळतं. ‘ते फार नम्र होते’ यातून काहीच कळत नाही.

दुसरीच्या वर्गात पहिल्या कम्युनियनची, म्हणजे चर्चमध्ये पहिल्यांदा पवित्र भाकर घेण्याची लगबग असेल. सातव्या वर्षाच्या सुमाराची ही चाल पोप दहावे पायस यांच्या 1910 च्या आदेशानंतर रुळली. त्याआधी बऱ्याच ठिकाणी मुलांना दहा-बारा वर्षांचं, कधी त्याहून मोठं होईपर्यंत थांबावं लागे. तयारी आई-वडील आणि धर्मग्रामाची (त्यांच्या चर्चच्या मंडळींची), तू मदतनीस. पोशाख, फोटो, पाहुणे यांची चर्चा वर्गाबाहेर ठेव, कारण त्याच बाकावर कॅथलिक नसलेलं मूल बसलेलं असतं आणि आपल्यालाच का नाही, हे त्याला समजत नाही. त्याला सरळ सांग: हा त्यांच्या घरच्या श्रद्धेचा दिवस आहे, तुझ्या घरचे दिवस वेगळे. प्रार्थनेच्या वेळी त्याने शांत उभं राहावं, शब्द म्हणण्याची सक्ती नको. जगभरच्या बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1965 मध्ये दोन गोष्टी स्पष्ट लिहून ठेवल्या आहेत: मुलाचे पहिले शिक्षक त्याचे आई-वडील, आणि श्रद्धेच्या बाबतीत कोणावरही बळजबरी करायची नाही. एखाद्या सहशिक्षिकेने कुरकुर केली तर हे सांग.

आणि एका गोष्टीबाबत मी हट्टी आहे. वर्ग शांत करायला देवाला बोलावू नकोस. ‘येशू बघतोय हं’ म्हटलं की क्षणभर शांतता होते, हे खरं. पण मग ज्याने पेन्सिल चोरली तो मुलगा येशूला पोलीस समजून प्रार्थनेच्या वेळीही खालीच बघत राहतो. पेन्सिल ज्याची त्याला परत देणं, त्याच्याकडे बघून ‘चुकलं’ म्हणणं आणि दुसऱ्याने ‘बरं’ म्हणणं, एवढं त्या दोघांकडून करून घे. पुढे पापनिवेदनाच्या, म्हणजे फादरांपुढे चुका कबूल करण्याच्या, तयारीला जे लागतं, त्याचा बराचसा भाग एवढ्यात होऊन जातो.

शाळेच्या मिस्साची, म्हणजे चर्चच्या मुख्य उपासनेची, धास्ती घेऊ नकोस. मुलांच्या मिस्सासाठी 1973 मध्येच रोमहून मार्गदर्शिका आली आहे. वाचनं कमी करायला, सोपी करायला तिच्यात मुभा आहे, आणि मुलंही मौनात रमू शकतात असं गृहीत धरलेलं आहे. फादरांशी आठवडाभर आधी बोल. चुळबुळ्या मुलांना भाकर आणि द्राक्षारस वेदीकडे नेणाऱ्या अर्पणाच्या मिरवणुकीत घे. हातात काही जपून न्यायचं असलं की ती सगळ्यात नीट चालतात.

राहिलं प्रगतिपुस्तक. धर्मशिक्षणाच्या रकान्यात ‘भक्तिभाव उत्तम’ असं लिहिण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. लिहू नकोस. मुलाला किती श्रद्धा आहे हे तुला दिसत नाही, आणि दिसत असतं तरी त्याला श्रेणी देणारी तू कोण? जे दिसलं ते लिही: ‘क्रुसाची खूण स्वतःहून बरोबर करते. हरवलेल्या मेंढराची गोष्ट आपल्या शब्दांत सांगते. प्रार्थना तोंडपाठ, नवं वाक्य वाचताना अजून अडखळते, रोज घरी दहा मिनिटं बोट ठेवून वाचून घ्यावं.’ पालकांना या शेवटच्या ओळीचा उपयोग सगळ्यात जास्त, तेव्हा ती पहिली लिहिलीस तरी चालेल.

तुझी,
बाई