मोजण्याआधी: एका संशोधक विद्यार्थिनीस पत्र

फोंडा, गोवा

प्रिय विद्यार्थिनी,

सप्रेम आशीर्वाद.

तुझे पत्र दोनदा वाचले. ग्रंथालयशास्त्र शिकताना संदर्भ-विश्लेषणाची, म्हणजे कोणत्या लेखाचा हवाला कोणी किती वेळा दिला हे मोजून पाहण्याची, गोडी लागली आणि त्याच काळात गावच्या देवळात ध्वनिमुद्रण करता करता इमर्सिव्ह ऑडिओने, म्हणजे श्रोत्याला चहूबाजूंनी वेढणाऱ्या ध्वनीने, मनाची पकड घेतली, असे तू लिहितेस. 'पीएचडी करायची तर एक काही तरी धर, दोन डगरींवर हात ठेवू नकोस,' असे तुला घरी आणि विभागातही सांगितले जाते. सांगणाऱ्यांची काळजी खोटी नाही. दोन विषयांत वरवर फिरून लिहिलेले प्रबंध मी तपासले आहेत आणि त्यांतले बहुतेक दोन्हीकडे कच्चे होते. तरीही यांतला एक विषय सोड, असे मी तुला सांगणार नाही. तुझ्या पत्रात विषय दोन असले तरी प्रश्न मला एकच दिसतो: हातात आलेला आकडा कोणाच्या जागेवरून मोजला गेला, आणि त्या जागेवरून काय दिसले नाही किंवा ऐकू आले नाही? हा प्रश्न तू पक्का धरलास, तर कोणत्या विषयात किती खोल उतरायचे हे तोच तुला सांगत जाईल.

आपल्याच भूमीतले उदाहरण घे. दामोदर धर्मानंद कोसंबी १९०७ साली गोव्यात जन्मले. ते गणिती होते. १९४३ मध्ये त्यांनी भारतीय गणित परिषदेच्या नियतकालिकात एक लेख लिहिला. त्यातली, अनियमित बदलणाऱ्या संकेताला सोप्या घटकांत मांडण्याची पद्धत आज जगभर वापरली जाते, पण ती ओळखली जाते कारहुनेन आणि लोएव या दोन गणितींच्या नावाने, ज्यांचे काम कोसंबींच्या लेखानंतर प्रसिद्ध झाले. उलट १९४४ मध्ये त्यांनी आनुवंशिकीत जनुकांमधले अंतर काढण्यासाठी जे सूत्र दिले, ते 'कोसंबी फंक्शन' याच नावाने आजही वापरात आहे, आणि ते वापरणाऱ्या कितीतरी जणांना मूळ लेख उघडून पाहण्याची गरजही वाटत नाही. आता सांग, या माणसाला मिळालेले संदर्भ मोजून त्याच्या कामाचे मोल कसे ठरवशील? एका ठिकाणी काम राहिले आणि नाव गेले. दुसऱ्या ठिकाणी नाव इतके रुळले की तळटीप देणेच थांबले. कोसंबींचे उदाहरण मी आणखी एका कारणासाठी देतो. प्राचीन नाण्यांकडे वळल्यावर त्यांनी हजारो नाणी तराजूवर स्वतः तोलली, कारण हातोहात फिरून नाणे किती झिजते यावरून त्यांना साठ्यांचा काळक्रम लावायचा होता. संख्याशास्त्र त्यांना आधीच येत होते, पण त्याच्या जोरावर नाणी न पाहताच निष्कर्ष काढण्याचा मार्ग त्यांनी घेतला नाही. दोन विषयांत काम करण्याचा अधिकार मिळतो तो अशा तोलण्यातून.

संदर्भ-विश्लेषणाचा उगमही नीट समजून घे, कारण आज त्याचा जो वापर चालतो त्यासाठी ते जन्मलेच नव्हते. युजीन गारफिल्ड यांनी १९५५ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात संदर्भसूचीची कल्पना मांडली, ती अमेरिकेतल्या वकिलांच्या जुन्या सूचीवरून. एखादा न्यायनिर्णय पुढच्या कोणत्या निवाड्यांत उद्धृत झाला, उचलून धरला गेला की फिरवला गेला, हे त्या सूचीत पाहता येई. १९६४ पासून 'सायन्स सायटेशन इंडेक्स' नियमित निघू लागला तो मुख्यतः वाचकाच्या सोयीसाठी, एका विचाराचा माग पुढे पुढे काढता यावा म्हणून. वकिलांच्या सूचीत असलेली सर्वांत मोलाची गोष्ट, म्हणजे संदर्भ कोणत्या भावनेने दिला ही नोंद, मोजणीच्या ओघात बाजूला पडली. पुढे नियतकालिकाच्या लेखांना सरासरी किती संदर्भ मिळतात हे सांगणारा इम्पॅक्ट फॅक्टर आला, २००५ मध्ये एकेका संशोधकाचे लेख आणि त्यांचे संदर्भ एका आकड्यात बसवणारा हर्श यांचा एच-निर्देशांक आला, आणि वाचकासाठी बनवलेले साधन नेमणुका व बढत्यांच्या टेबलावर जाऊन बसले. १९५१ मध्ये लॉरी आणि सहकाऱ्यांनी प्रथिनांचे प्रमाण मोजण्याची एक पद्धत प्रसिद्ध केली. त्या लेखाला ३ लाखांहून अधिक संदर्भ मिळाले आहेत, आणि याचे कारण एवढेच की ती पद्धत असंख्य प्रयोगशाळांना रोज लागत होती. ज्यांनी निसर्गाविषयीची समजूत बदलून टाकली असे कितीतरी लेख त्या आकड्याच्या जवळपासही नाहीत.

इथे मला माझी एक चूक सांगितली पाहिजे. ऐन उमेदीच्या काळात गोव्याच्या इतिहासावरील लेखनाचा एक आढावा मी तयार केला होता, आणि एका ज्येष्ठ अभ्यासकाच्या कामाला 'फारसा प्रभाव नाही' असा शेरा मारला होता, कारण मी पाहिलेल्या संदर्भांच्या डेटाबेसमध्ये त्याला हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच संदर्भ होते. काही वर्षांनी मराठी आणि कोंकणी पुस्तकांच्या तळटिपा वाचताना ते नाव मला पानोपानी भेटू लागले. ती पुस्तके डेटाबेसच्या कक्षेतच नव्हती. आकडा बरोबर होता; मी तो जिथून मोजला ती जागा चुकीची होती, आणि एका माणसाच्या आयुष्यभराच्या कामावर मी ते काम न वाचता शेरा दिला होता. ही खंत अजून गेलेली नाही.

गोव्यात आणखी एक अडचण तुला नक्की भेटेल, ती नावांची. नाईक हे आडनाव इंग्रजी वळणाने 'के'वर संपते, तर पोर्तुगीज वळणाने 'क्यू, यू, ई' या तीन अक्षरांवर. काकुले हे आडनाव पोर्तुगीज वळणाने 'सी'ने सुरू होते आणि 'ओ'वर संपते. एकाच घराण्यातले, कधी कधी एकच लेखक, सूचीत दोन-तीन जागी विखुरलेले आढळतात, आणि उलट एकाच आद्याक्षराच्या चार वेगळ्या फर्नांडिसांचे काम एका नावाखाली गोळा झालेले असते. हे सॉफ्टवेअरवर सोडू नकोस. आपली माणसे, त्यांची गावे आणि त्यांच्या लिहिण्याच्या तऱ्हा तुला ठाऊक आहेत, ते ज्ञान इथे कामाला लाव.

मूळ ग्रंथापर्यंत जाण्याचा आग्रह मी का धरतो, याचे उदाहरणही इथलेच आहे. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्यांचा भारतीय औषधींवरचा संवादरूप ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. चारच वर्षांनी क्लुसिअस या युरोपीय वनस्पतिशास्त्रज्ञांनी त्याचा लॅटिन संक्षेप काढला, आणि युरोपातल्या विद्वानांच्या हाती मुख्यतः तो संक्षेप पडला. त्या संक्षेपात संवाद गळले, आणि त्यांच्याबरोबर प्रश्न विचारणारी, शंका घेणारी, एकमेकांना खोडून काढणारी पात्रेही गेली. संदर्भ ओर्तांचा आणि वाचन क्लुसिअसचे, हा प्रकार आजच्या तळटिपांतही सर्रास चालतो.

आता ध्वनीकडे येतो. आवाज कोणत्या बाजूने आला हे आपल्याला कसे कळते, याचे मूळ उत्तर रॅले या ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञांनी १९०७ मध्ये दिले: खालच्या वारंवारतेच्या स्वरांसाठी दोन कानांपर्यंत पोहोचण्याच्या वेळेतला फरक, आणि वरच्या स्वरांसाठी डोक्याच्या आडोशामुळे पडणारा तीव्रतेतला फरक. वेळेचा हा फरक जास्तीत जास्त असतो तेव्हाही साधारण ०.६ ते ०.७ मिलिसेकंदच असतो. पण आवाज समोरून आला की मागून, वरून आला की खालून, हे केवळ त्यावरून सांगता येत नाही; तिथे बाह्य कर्णाच्या वळ्या मदतीला येतात, आणि त्या प्रत्येकाच्या वेगळ्या असतात. म्हणून पुतळ्याच्या सरासरी डोक्यावर घेतलेल्या मापांनी बनवलेला ध्वनी हेडफोनवर ऐकताना पुष्कळांना समोरचा आवाज मागे गेल्यासारखा वाटतो. सरासरीचे कान कोणाचेच नसतात. डेटाबेसच्या कक्षेची अडचण आणि ही अडचण तू शेजारी शेजारी मांडून बघ, म्हणजे मी प्रश्न एकच आहे असे का म्हणतो ते तुला कळेल.

ध्वनी साठवण्याच्या पद्धतींत अँबिसॉनिक्सपासून, म्हणजे एका जागी सर्व दिशांनी येणारा ध्वनी टिपून ठेवण्याच्या पद्धतीपासून, सुरुवात कर. मायकेल गर्झन यांनी १९७०च्या दशकात ती घडवली. तिच्या पहिल्या पातळीला ४ चॅनेल पुरतात, तिसऱ्या पातळीला १६ लागतात, आणि पातळी वाढते तशी दिशा अधिक नेमकी होते. पहिल्या वर्षी चार कॅप्सूलच्या, म्हणजे आवाज टिपणाऱ्या चार घटकांच्या, मायक्रोफोनपलीकडे जाऊ नकोस. महाग यंत्रणेपेक्षा तो ठेवण्याची जागा अधिक शिकवते.

देवळाच्या सभामंडपाचे अनुनादी गुण मोजण्याचा तुझा बेत मला फार आवडला. हार्वर्डमध्ये १८९५ पासून वॉलेस सॅबिन यांनी एका व्याख्यानगृहातला घुमारा असाच मोजला होता. जवळच्या नाट्यगृहातल्या गाद्या ते रात्री उचलून आणत, ऑर्गनच्या नळीचा स्वर थांबल्यावर तो किती वेळ ऐकू येतो ते घड्याळ लावून टिपत, आणि सकाळ होण्याआधी गाद्या परत नेत. त्यांतूनच घुमाऱ्याचा काळ जागेच्या घनफळाबरोबर वाढतो आणि शोषणाबरोबर घटतो, हे सूत्र निघाले. तुला आता गाद्या वाहाव्या लागणार नाहीत. स्पीकरमधून चढत्या वारंवारतेचा स्वर सोडून त्यावरून मंडपाचा प्रतिसाद काढता येतो. पण रिकाम्या मंडपाचा प्रतिसाद म्हणजे आरतीच्या वेळचा मंडप नव्हे. दोनशे माणसांची अंगे आणि कपडे उंच स्वर शोषून घेतात. पावसाळ्यातली आर्द्रता, कौलांवरचा पाऊस, उघडी दारे, सगळ्यांनी माप बदलते. म्हणून प्रत्येक मापाबरोबर तापमान, आर्द्रता, माणसांची संख्या आणि मायक्रोफोन कुठल्या खांबाजवळ किती उंचीवर होता, हे वहीत लिहून ठेव.

घुमट तर या अभ्यासासाठीच घडवल्यासारखे वाद्य आहे. मातीच्या भांड्याचे एक तोंड चामड्याने मढवलेले आणि दुसरे उघडे. वादक त्या उघड्या तोंडावर डावा तळवा कमी-जास्त दाबून नाद बदलतो. म्हणजे एकाच वाद्यातून दोन दिशांना दोन वेगळे आवाज निघतात, आणि समोर बसलेल्या श्रोत्याला जे ऐकू येते ते वादकाला ऐकू येत नाही. घुमट, शामेळ हे ढोलासारखे वाद्य आणि कासाळे हे झांजेसारखे वाद्य एकत्र वाजत असताना तिघांच्या मधोमध बसून ऐक, मग दाराशी उभी राहून ऐक, आणि त्यानंतरच मायक्रोफोनची जागा ठरव.

मुद्रणाआधी देवस्थानच्या महाजनांची लेखी परवानगी घे आणि वादकांना त्यांच्या आवाजाचे पुढे काय होणार हे त्यांच्या भाषेत समजावून सांग. प्रबंधात त्यांची नावे, त्यांची संमती असेल तर, आभाराच्या पानावर ढकलू नकोस. जिथे त्यांच्याकडून मिळालेले ज्ञान वापरलेस तिथेच ती दे. १६७८ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला छापलेल्या 'हॉर्टस मलबारिकस' या मलबारच्या वनस्पतींवरील ग्रंथाच्या पहिल्या खंडात रंगभट, विनायक पंडित आणि आपू भट या वैद्यांची साक्ष कोंकणी भाषेत, नागरी लिपीत छापलेली आहे. कोणत्याही डेटाबेसला न मोजता येणारा तो संदर्भ मला फार मोठा वाटतो.

ऐकण्याच्या चाचण्यांविषयी एकच सांगतो. श्रोत्यांकडून गुण घेताना मूळ ध्वनी नाव न सांगता इतर नमुन्यांत मिसळायचा असतो. त्याला लपवलेला संदर्भ म्हणतात. ज्याला तोच ओळखता येत नाही, त्याचे इतर गुण धरायचे नसतात. संदर्भ-विश्लेषणात अशी पडताळणी कशी करता येईल, यावर मी गेली काही वर्षे विचार करतो आहे. ठरलेल्या, आधी नीट वाचलेल्या काही संदर्भांचे वर्गीकरण, ते आपण आधी वाचले आहेत हे न सांगता, दुसऱ्या कोणाकडून करून घ्यावे, असे मला वाटते. तुला याहून चांगले काही सुचले तर मला कळव.

चवथीला तू गावी येणार आहेस, तेव्हा एका संध्याकाळी आमच्याकडे ये. शेजारच्या वाड्यावर घुमटआरती असते आणि तिथल्या मंडळींशी मी बोलून ठेवतो. येताना तुझ्या आवडीच्या एका लेखाला मिळालेले पन्नास संदर्भ निवड, प्रत्येक संदर्भाच्या आजूबाजूचा परिच्छेद वाच, आणि तो आधार म्हणून दिला आहे, खंडन म्हणून, पद्धत उचलली म्हणून की निव्वळ रीत म्हणून, हे हाताने लिहून आण. तक्ते आणि आलेख आताच नकोत. रेकॉर्डर बरोबर असू दे, पण पहिल्या दिवशी तो पिशवीतच ठेवू.

तुझे,
सर