सहावीतल्या मुलाला शाळेतनं काढून घरीच शिकवू का?

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातलं खेडं, मुलगा सरकारी मराठी शाळेत सहावीत, शाळा सातवीपर्यंतच, पटावर पोरं १९ आणि मास्तर दोन, त्यातले एक कायम कसल्या ना कसल्या मीटिंगला. मिस्टर गोव्यात कामाला, ताई स्वतः डीएड झालेल्या पण नोकरी नाही. मुलाला वाचता येत नाही, सासूबाई रोज म्हणतात "शाळंत जाऊन काय शिकूलालाय त्यो, बिसीऊटा खाऊन येतोय नुसता" (बिसीऊटा म्हणजे शाळेतलं दुपारचं जेवण). आता ताईंच्या मनात आहे की दाखला काढायचा, घरीच शिकवायचं आणि दहावी ओपनमधनं, म्हणजे मुक्त विद्यालयातनं, द्यायची. आणि हेडमास्तर म्हणालेत दाखला कशाला काढता, नाव राहू दे, घरीच शिकवा.

आधी हेडमास्तरांचं बघू. त्यांचा हेतू वाईट नाही, पट कमी झाला की एक मास्तर जाणार ही भीती त्यांना आहे आणि ती खरी आहे. पण ह्याला हो म्हणू नका. पोरगं घरात आणि हजेरी शाळेत, म्हणजे पुढं जो स्टडी सर्टिफिकेट, कुठल्या शाळेत किती वर्षं शिकला त्याचा कागद, लागतो तो खोटा. त्यावर बीईओंची, म्हणजे तालुक्याच्या शिक्षणाधिकाऱ्यांची, सही असते आणि सीईटीच्या, म्हणजे इंजिनिअरिंग वगैरेच्या प्रवेश परीक्षेच्या, वेळी तो बघतात. उद्या कोणी तक्रार केली तर हेडमास्तर सुटतील, पोराची सीट जाईल.

कायद्याचं विचारलंत. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, ६ ते १४ वयाच्या मुलाला शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य असं त्यात आहे, होमस्कूलिंग हा शब्दच नाही, आणि न घातल्यास पालकांना शिक्षाही लिहिलेली नाही. म्हणजे पोलीस दारात येणार नाहीत, पण सीआरपी, म्हणजे शिक्षण खात्याचे आपल्या भागातले माणूस, चौकशीला येऊ शकतात, नाव शाळाबाह्य मुलांच्या यादीत जाऊ शकतं, तेव्हा घाबरायचं नाही, वह्या दाखवायच्या. ह्याच कायद्यात तुमच्या फायद्याची एक गोष्ट आहे, मुलगा मधेच परत शाळेत यायचं म्हणाला तर त्याच्या वयाच्या वर्गात प्रवेश द्यावाच लागतो. फक्त १४ च्या आत.

आता ओपन. एनआयओएसची, म्हणजे केंद्र सरकारच्या मुक्त विद्यालयाची, दहावी द्यायला वय १४ पूर्ण लागतं, किमान पाच विषय, मराठी माध्यम मिळतं. एकदा नोंदणी झाली की पाच वर्षं चालते आणि तेवढ्यात नऊ वेळा परीक्षेला बसता येतं, म्हणजे एकेक दोन-दोन विषय करूनही पास होता येतं, वाचनात अडखळणाऱ्या पोराला ही सोय मोठी आहे. आठवीचा दाखला नसला तरी मुलाचा एवढा अभ्यास झालाय असं स्वतः लिहून देता येतं. तेव्हा रस्ता आहे. पण इंटरनेटवर ह्या विषयावर जे लिहितात ते पुण्या-बेंगळुरातले लोक, दोघं घरी लॅपटॉपवर, पोराला सकाळी स्विमिंग संध्याकाळी रोबोटिक्स. तुमच्याकडं जून ते सप्टेंबर पाऊस लागला की करंट जातो आणि मोबाइलला रेंज नसते, त्यांचं टाइमटेबल आपल्या कामाचं नाही.

पण आपल्या बेळगाव-खानापूर-निपाणी भागातल्या मुलांचा जो हिशोब आहे तो तिकडं कुणी सांगणार नाही, म्हणून तो नीट सांगतो, पेन घेऊन बसा. आपल्या पोरांना दोन्हीकडचे दरवाजे असतात. कर्नाटकातनं इंजिनिअरिंग वगैरेला जायचं तर केसीईटीच्या, म्हणजे कर्नाटकाच्या सीईटीच्या, नियमात पहिली ते बारावीत किमान सात वर्षं कर्नाटकातल्या मान्यताप्राप्त शाळा-कॉलेजात शिकलेलं लागतं आणि दहावी किंवा बारावी इथनं पास झालेलं लागतं. तुमच्या मुलाची ही सहावी संपली की सहा वर्षं. घरी तीन-चार वर्षं काढली आणि पुढं पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, रेग्युलर कॉलेजात घातलं तर सहा अधिक दोन आठ, भागलं. पण बारावीपण ओपननंच केली तर सहाच राहतात, एका वर्षानं हुकलं! म्हणून म्हणतो सातवी त्याच शाळेत पूर्ण करा, सात वर्षं खिशात पडतील. तसंही सातवीनंतर हायस्कूलसाठी दाखला काढावाच लागणार, त्यामुळं हेडमास्तरांशी भांडण नको आणि गावात चर्चा नको.

एक गोष्ट मात्र जाणार, ती आत्ताच माहीत असू दे. कर्नाटकाच्या सीईटी प्रवेशातला ग्रामीण कोटा, १५ टक्के, त्याला पहिली ते दहावी दहाच्या दहा वर्षं खेड्यातल्या शाळेत लागतात. आठवी घरी केली की तो गेला, परत मिळत नाही. आणि एनएमएमएसची, म्हणजे केंद्र सरकारची, स्कॉलरशिपसुद्धा, सरकारी किंवा अनुदानित शाळेत आठवीत असताना परीक्षा, पास होऊन निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये. मिस्टर गोव्यातनं पैसे पाठवतायत, तुमच्या घरात ४८,००० म्हणजे लहान रक्कम नाही.

दुसरा दरवाजा महाराष्ट्राचा. कोल्हापूर-पुण्याला इंजिनिअरिंगला जायचं तर तिकडच्या प्रवेशात सीमाभागातल्या मराठी मातृभाषेच्या मुलांसाठी वेगळा प्रकार आहे, पण त्यात दहावी किंवा बारावी सीमाभागातल्या मान्यताप्राप्त संस्थेतनं पास झालेला असं म्हटलंय. ओपनच्या दहावीवर हे चालवून घेतील असं धरून चालू नका. पीयूसी बेळगावात किंवा खानापुरात रेग्युलर केली की प्रश्नच येत नाही. म्हणजे दोन्ही बाजूंनी एकच उत्तर येतं, मधली वर्षं घरी काढायची असली तर काढा पण अकरावी-बारावी घरी नको.

हे झालं कागदांचं. पण ताई, मला तुमच्या पत्रातलं खरं महत्त्वाचं वाक्य शेवटी सापडलं, तुम्ही जाता जाता लिहिलंय. धडा तुम्ही वाचून दाखवला की तो सगळा जसाच्या तसा सांगतो, नावं-गावांसकट, पण स्वतः वाचायला बसला की एका ओळीला पाच मिनिटं, "भाकरी"चं "बाकरी", जोडाक्षर आलं की गप्प. कन्नडचं पुस्तक तर उघडतच नाही. आणि पाण्याच्या पंपाची मोटर खोलून बसला होता. अहो हे आळशी पोराचं लक्षण नाही, आणि कदाचित शाळेचासुद्धा पूर्ण दोष नाही. ऐकून येतं आणि वाचून येत नाही असं असेल तर लर्निंग डिसॅबिलिटी आहे का हे तपासून घ्यायला पाहिजे, दिव्यांग हक्क कायद्यात २०१६ पासून ती धरलीय, सर्टिफिकेट मिळालं तर एसएसएलसीला, म्हणजे कर्नाटकाच्या दहावीला, जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. आधी डोळे आणि कान तपासा, मग बेळगावातल्या बालरोगतज्ज्ञांकडं जाऊन पुढं कुठं टेस्ट होते ते विचारा. हे न करता घरी आणलंत तर दोन मास्तरांच्या जागी तुम्ही याल, आणि दुपारी चुलीजवळ बसून तेच "बाकरी" ऐकून तुम्हीच एक दिवस त्याच्या पाठीत धपाटा घालाल. मास्तरांचा राग पोरं विसरतात, आईचा नाही विसरत.

तेव्हा आत्ता काय करायचं तर दाखला नको. शाळा सुरू राहू दे, पोरात पोर राहतंय तेही काही कमी नाही, घरी एकटं काय करणार. संध्याकाळी एकच तास घ्या, त्यात अर्धा तास फक्त मोठ्यानं वाचन, सहावीचं नाही, तिसरीचं पुस्तक घ्या, बोट ओळीखाली ठेवून, तुम्ही एक ओळ त्यानं एक. कन्नडसाठी तुमच्याच वाडीत कोणी कन्नड बोलणारं घर असेल तर तिथं खेळायला पाठवा, बसचे बोर्ड वाचायला लावा, ती भाषा त्याला सोडून चालणार नाही, घरी शिका नाहीतर शाळेत. दसऱ्याच्या सुट्टीत मात्र ट्रायल घ्या, सकाळी दहा ते साडेबारा रोज, एकही दिवस न चुकवता, पाहुणे आले तरी. सुट्टी संपेपर्यंत दोघांचा जीव टिकला तर सातवीनंतर घरी शिकवायचा विचार करू, दुसऱ्याच आठवड्यात भांडणं सुरू झाली तर हायस्कूल कुठलं बरं ते बघू, बसची सोय बघून.

मिस्टर गणपतीला येतील तेव्हा तिघं मिळून बेळगावला या. टेस्टचे कागद झाले असतील तर आणा, नसतील तरी या. आणि ती मोटर त्यानं परत जोडली का तशीच पडलीय ते तुम्ही सांगू नका, मला त्याच्याच तोंडून ऐकायचंय.